कट दिवसा, ऊन दिवसा

आमच्या मुलानं, मल्हारनं, स्वतःच्या लग्नात पत्रिका बघू दिली नाही. असल्या गोष्टी मी मानत नाही, म्हणाला, आणि पवित्राला घेऊन सरळ रजिस्ट्रारपुढं उभा राहिला. तोच मल्हार फेब्रुवारीत आमच्या बेंगळूरच्या बनशंकरीतल्या घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून सोलर पॅनलची आणि इन्व्हर्टरची पत्रिका जुळवत बसला, तेव्हा कस्तुरीला हसू आवरेना. हसली की तिला ठसका लागायचा, आणि ठसका लागला की नाकातल्या नळीसकट ती पलंगावर वाकायची, म्हणून मी तिला फारसं हसू द्यायचो नाही. त्या दिवशी दिलं.

कस्तुरी माझी बायको. तिची फुप्फुसं कडक होत चालली होती. त्याला औषध नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. गोड बोलणारे डॉक्टर मला आवडत नाहीत, त्यामुळं हे बरे वाटले. तिच्या पलंगाशेजारी खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन असायचं, चाकांवरचं, दिवसरात्र घरघरणारं. ते चालू असलं की ती उठून बसायची, शेंगा सोलायची, मला टाकून बोलायची. ते थांबलं की थोड्याच वेळात तिचे ओठ निळसर दिसायला लागायचे.

दिवाळीच्या सुमारास तिला एकदा आयसीयूत ठेवावं लागलं होतं. तिथून परत आल्यावर तिनं मला आणि मल्हारला समोर बसवलं आणि थांबत थांबत एकच गोष्ट मागितली.

"मला परत तिथं नेऊ नका. जायचं ते मी इथूनच जाते."

सुयांचं, नळ्यांचं तिला काही नव्हतं. तिथं दिवे मालवत नाहीत, याचा तिनं धसका घेतला होता. "तिथं रात्रच होत नाही अहो," ती म्हणाली. डोळ्यांवर उजेड असला की तिला आयुष्यात कधी झोप आली नाही. लग्न झाल्यापासून मी पेपर वाचायला दिवा लावला की ती पडल्या पडल्या दोन बोटं खाली करून दाखवायची, म्हणजे बंद करा. बोलण्याइतका श्वास उरेना तेव्हा तीच दोन बोटं इतर कामालाही आली, रेडिओ बंद करा, तोंड बंद करा. आम्ही बापलेकांनी तिला शब्द दिला. डॉक्टरांनाही ते पटलं. नेऊन आम्ही तरी काय करणार, म्हणाले, फक्त मशीन बंद पडू देऊ नका.

पण मशीन चालतं करंटवर. आमच्या बेंगळूरच्या मराठीत वीज ती आकाशात चमकते, घरात येतो आणि जातो तो करंट. आणि तो जायचा फार. संक्रांतीपासून आमच्या रस्त्याचं काँक्रीट करायला घेतलं होतं. आधी एक बाजू उकरली, मग केबल टाकायला दुसरी, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पाण्याची पाइप राहिली, म्हणून पुन्हा पहिली. आठवड्यातून दोनतीनदा मोबाइलवर मेसेज यायचा की उद्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत करंट नाही. जिन्याखाली आमचा जुना यूपीएस होता, पण त्याच्या बॅटरीला मशीनचं ओझं जेमतेम तासभर पेलायचं, आणि ती तापली की आंबट वास सुटून कस्तुरी खोकत बसायची. त्यापुढं ऑक्सिजनचा सिलिंडर. त्याच्या काट्याकडं बघत संध्याकाळची वाट बघणं, हाच माझा धंदा होऊन बसला होता.

मल्हार सर्जापूर रोडला राहतो, तिथल्याच एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. आईजवळ नुसतं बसणं त्याला जमत नसे. दोन मिनिटं बसला की उशी सरळ करायचा, मग तिच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघायचा, मग पुन्हा उशी. त्याच्या हाताला काम हवं होतं. एका रविवारी तो छतावर चक्कर मारून खाली आला आणि म्हणाला, "अण्णा, कट दिवसा असतो. ऊनही दिवसाच असतं. सोलर बसवू या."

इतकी सरळ गोष्ट आपल्याला सुचली नाही याची मला लाज वाटली, आणि पोराचा अभिमानही वाटला. खोटं कशाला बोलू, दिवाळीनंतर पहिल्यांदा मला त्या घरात मोकळा श्वास घ्यावासा वाटला.

आमच्या छतावर शेजारच्या कृष्णमूर्तींच्या नारळाची सावली पडते. साध्या सोलरमध्ये सगळी पॅनलं एका माळेत ओवलेली असतात, एकावर सावली आली की सगळी माळ मंदावते. म्हणून मल्हारनं ठरवलं की प्रत्येक पॅनलखाली त्याचा स्वतःचा छोटा इन्व्हर्टर बसवायचा. मायक्रोइन्व्हर्टर म्हणतात त्याला, पोथीएवढा चपटा डबा. एक पॅनल सावलीत गेलं तरी बाकीची आपापलं काम करत राहतात.

"घरात तसं नसतं बघ," कस्तुरी म्हणाली. "एक पडलं की सगळे पडतात."

पण कुठल्याही पॅनलखाली कुठलाही डबा चालत नाही. चिकपेटेत माझं भांड्यांचं दुकान होतं. झाकण पातेल्याला बसतं की नाही हे मी नुसतं बघून सांगतो. हे प्रकरण तसं नव्हतं. सोलर बसवणारा प्रदीपकुमार म्हणून एक माणूस होता, त्यानं तयार जोडी दाखवली. मल्हारनं ती नापास केली, कारण पॅनल जितका करंट देणार तितका त्या डब्याच्या तोंडात मावत नव्हता, वरचा वाया जाणार. दुसरी जोडी नापास केली, कारण थंडीत पॅनलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढतो आणि एखाद्या गारठ्याच्या सकाळी डबा जळू शकतो.

"बेंगळूरची थंडी ती काय आणि डबा जळणार तो काय," मी म्हणालो.

"तसं नाही अण्णा. सगळ्यात वाईट दिवस धरून चालायचं असतं."

जेवताना तेच, फोनवर तेच. पवित्रा बिचारी दोन्ही घरांत तेच ऐकत होती. रोज ऑफिस सुटल्यावर तो ट्रॅफिकमधून दीड दोन तास काढून इकडं यायचा आणि आईच्या खोलीच्या दारात उभा राहून, आज काय जुळलं आणि काय अडलं, ते तिला सांगायचा. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पोरगा दारापर्यंत येतो आणि अर्धा तास उभा राहतो, एवढं तिला पुरत होतं. शेवटी एक जोडी त्याच्या मनास आली.

"किती गुण जुळले?" कस्तुरीनं विचारलं.

"छत्तीस."

"मंगळ?"

"मंगळ नाही आई," तो हसून म्हणाला.

दहा पॅनलं चढली, दहा डबे खाली बसले. मीटर बदलून मिळेपर्यंत त्यांना सुरू करता येत नव्हतं, आणि त्या वाट बघण्याच्या दिवसांतले कट आम्ही सिलिंडरवर काढले. जिन्याखाली नवा बोर्ड बसवायला जागा हवी होती, तेव्हा मल्हारनं इलेक्ट्रिशियनला सांगून जुना यूपीएस बॅटरीसकट बाहेर काढायला लावला. आंबट वास गेला. कस्तुरी म्हणाली, चला, एक पाहुणा तरी गेला घरातून. मीटर आलं, बटण दाबलं, सोलर सुरू झालं. सिलिंडर भरून आणायचा होता, पण आता त्याची घाई कुणाला वाटेना. मलाही नाही.

मल्हारनं आईला त्याचा जुना टॅब दिला. त्यावर दहा चौकोन दिसायचे, एकेका पॅनलचा एकेक, ऊन चढेल तसे हिरवे होणारे. जिना चढणं तिच्या नशिबात आता नव्हतं, पण छत तिच्या हातात आलं होतं. सकाळी चहा झाला की ती ते बघत पडायची. "सहावं उशिरा उठतं," तिनं मला एक दिवस सांगितलं. नारळाची सावली त्याच्यावरच पडायची. "मल्हारसारखं. शाळेच्या दिवशी उठायचा नाही आणि रविवारी पहाटे उठून बसायचा." मग तिनं दोन बोटं खाली केली. मी पडदा ओढला आणि ती झोपली. असे दिवस थोडेच मिळाले, पण मिळाले.

मग एका संध्याकाळी मेसेज आला, उद्या कट. आम्ही कुणी घाबरलो नाही. उलट मल्हारनं ऑफिसला सुट्टी टाकली आणि सकाळीच येऊन हजर झाला, घरात एखादं कार्य असावं तसा. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. त्यानं आईच्या टॅबवर दहाही हिरवे चौकोन तिला दाखवले आणि पलंगाच्या कडेला चक्क बसला.

"आता बघ आई. तुला कळणारसुद्धा नाही."

पंखा फिरायचा थांबला. मशीननं तो ओळखीचा, कानात घुसणारा आवाज काढला, करंट गेला की काढतं तो. मी मल्हारकडं बघितलं. "स्वल्प थांबा अण्णा," तो म्हणाला, "बदलायला क्षणभर लागेल." आम्ही थांबलो. मशीन ओरडत राहिलं. टॅबवरचे चौकोन एकेक करून राखाडी झाले, आणि कस्तुरी ते बघत होती.

मल्हार जिन्याकडं धावला. मी सिलिंडर ओढून नळी जोडली. इतक्या वेळा जोडली होती की हात आपोआप चालले. मग काट्याकडं बघितलं, काटा लाल पट्ट्याला टेकत आला होता. तिला म्हटलं, आलोच. तिनं मान हलवली.

छतावर पाय ठेववत नव्हता इतकं तापलं होतं. दहाही पॅनलं स्वच्छ, चकचकीत, एकावरही सावली नाही, सहाव्यावरसुद्धा. मल्हार गुडघ्यांवर बसून खाली वाकून बघत होता. प्रत्येक पॅनलखाली त्या डब्यावर एक लाल ठिपका पेटला होता. त्यानं प्रदीपकुमारला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो माणूस कन्नडमध्ये शांतपणे म्हणाला, लाइन गेली की हे बंद होणारच सार, बाहेरचा करंट असेल तरच हे चालतं. चालू ठेवायला वेगळी बॅटरी लागते. तुम्हीच तर ते बंद होतं की नाही, हे बघून घेतलंत ना?

मल्हारनं फोन खाली ठेवला. "माहीत होतं मला अण्णा," तो म्हणाला. "एका डब्यात ते नव्हतं म्हणून मीच तो नापास केला होता."

"काय नव्हतं?"

"लाइन गेली की कुठंतरी माणूस खांबावर चढलेला असतो. आपल्या छतावरून करंट उलटा तारेत गेला तर तो मरेल. म्हणून हे आपोआप बंद व्हायला हवं. सेफ्टी." तो शब्द त्यानं दोनदा उच्चारला. "मी ते बघितलं, बरोबर आहे म्हणालो, आणि पुढं गेलो. म्हणजे आपल्याकडंही बंद होणार, हे... ते माझ्या डोक्यातच आलं नाही."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. लहानपणी कधी वाजवली नव्हती. इतकी वर्षं शिकलास, इतके दिवस जुळवत बसलास, आणि एवढं एक कळलं नाही? तोंडावर आलं होतं. पण तो तिथं तापलेल्या फरशीवर गुडघे टेकून बसला होता आणि उठत नव्हता. मी कठड्याशी गेलो. कोपऱ्यावरच्या खांबाला शिडी लावून एक लाइनमन चढला होता. हातमोजे नव्हते. एका हातानं खांब धरून दुसऱ्या हातानं तो उघड्या तारा पिळत होता, घरी नाडी बांधावी इतक्या निश्चिंतपणे. त्याचा राग करावा असं मला मनापासून वाटलं आणि तो काही करता आला नाही. मी वरूनच ओरडून विचारलं, कधी येणार? त्यानं मान वर केली.

"सायंकाल आगुत्ते, सार."

म्हणजे संध्याकाळ होईल. मी त्याला, सरी, म्हणजे बरं, म्हटलं आणि खाली आलो.

सिलिंडरवाल्याला फोन केला. रस्ता खणलाय, गाडी आत येत नाही, दुपार होईल, म्हणाला. पुढच्या गल्लीतल्या अपार्टमेंटमध्ये जनरेटर होता, मल्हार तिकडं पळाला. वॉचमन सेक्रेटरीला फोन लावत राहिला आणि सेक्रेटरी काही उचलेना. मी आळीपाळीनं काट्याकडं आणि कस्तुरीच्या बोटाच्या चिमट्याकडं बघत होतो. नळीतून येणारा वारा कमी करत करत पुरवायला बघितलं, तर आकडा खाली घसरला. वाढवला, तर काटा. तिला सगळं कळत होतं. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला होता, पकडला नव्हता, नुसता ठेवला होता.

मल्हार हात हलवत परत आला आणि दारात उभा राहिला. काटा शून्यावर टेकला होता आणि तिचे ओठ बदलायला लागले होते. तिला दिलेला शब्द पाळायचा तर आता फक्त काही न करता बसायचं होतं. तेवढं सोपं होतं. इतके महिने आम्ही म्हणत होतो की ती जायची तेव्हा इथून जाईल, आणि ती वेळ समोर येऊन उभी राहिली तेव्हा ती मला बघवेना. ती मोठ्यानं श्वास ओढत होती आणि आत काही जात नव्हतं. मल्हारनं नुसतं "अण्णा?" म्हटलं. मी हो म्हणून मान हलवली. त्यानं अँब्युलन्स बोलावली.

अँब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच थांबली. दोघा माणसांनी तिला खुर्चीत बसवून, उकरलेल्या मातीवर टाकलेल्या फळीवरून नेलं. त्यांच्याकडचा छोटा सिलिंडर तिच्या मांडीवर होता, त्यानं तिला जरा जीव आला. घराबाहेर आल्याबरोबर तिनं डोळे बारीक केले. कितीतरी महिन्यांनी ती उन्हात आली होती. तिनं मान वळवून आमच्या छताकडं बघितलं. तिथून पॅनलांची एक कड दिसते, ती लखलखत होती. मग शेजारून चालणाऱ्या मल्हारकडं बघून तिनं विचारलं,

"ऊन तर आहे की रे?"

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला तिचा आवाज ओळखता आला असता. तिला खरंच कळलं नव्हतं आणि ती विचारत होती.

"हो आई," मल्हार म्हणाला. "आहे."

त्यावर ती थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिली, तो आणखी काही सांगेल म्हणून. तिचं आमच्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत ती गुंगीत गेली होती, तिथं तिच्या घशात नळी घातली, आणि ही नळी आता काढता येण्यासारखी नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेही गोड बोलत नव्हते.

बाहेरच्या बाकावर आम्ही बापलेक बसून असायचो. एकदा मल्हारचा फोन वाजला, त्यानं बघितला आणि पालथा घातला. मी विचारलं कोण. म्हणाला, कुणी नाही, पॅनलं. लाइन त्याच संध्याकाळी आली होती. घरी कुणी नव्हतं, मशीन बंद होतं, आणि दहाही पॅनलं भरउन्हात बाहेरच्या तारेत करंट सोडत होती. कुणाकुणाचे पंखे त्यावर फिरत असतील. बोलण्यासारखं सगळं तो स्वतःशी बोलत होता, ते मला त्याच्या जबड्यावरून दिसत होतं. एकदा त्याच्या पाठीवर हात ठेवला तर तो दचकला.

आत एका वेळी एकालाच सोडायचे, तेही थोडा वेळ. मी गेलो तेव्हा तिचे हात पलंगाच्या कडांना सैलसर बांधले होते, नळी ओढू नये म्हणून. तोंडावर पट्ट्या चिकटवलेल्या. डोक्यावर छतात चार ट्यूबा, पांढऱ्याफटक. बाहेर दुपार आहे की मध्यरात्र, हे आत उभं राहून सांगता आलं नसतं. करंट जाईल अशी तिथं सोयच नव्हती. हॉस्पिटलचे स्वतःचे मोठे जनरेटर होते, वॉर्डबॉयनं मला कौतुकानं सांगितलं होतं.

मी तिला हाक मारली. तिचे डोळे थोडे उघडले, उजेडानं पुन्हा मिटले. मग बांधलेल्या हाताची दोन बोटं हलली. आधी मला वाटलं, उगाच हलली असतील. पुन्हा हलली, खाली, चादरीकडं.

मी नर्सला विचारलं, एवढे दिवे जरा बंद करता येतील का? ती चांगली मुलगी होती. वाईट वाटल्यासारखं करून म्हणाली, इथले दिवे बंद करत नाहीत अंकल, पेशंटच्या सेफ्टीसाठी असतात.

मी पलंगाच्या उशाशी गेलो आणि माझा तळहात तिच्या डोळ्यांवर आडवा धरला, टेकवला नाही, नुसती सावली पडेल एवढ्या अंतरावर. तिची बोटं थांबली. वेळ संपला म्हणून नर्स बोलवायला येईपर्यंत मी तसाच उभा राहिलो. मग हात काढून घ्यावा लागला.